रिंगमधला परीक्षक

शिरूरच्या एका साप्ताहिकात माझ्याविषयी छापून आलेलं एक वाक्य मला अजून तोंडपाठ आहे. 'बापाची घोंगडी तिकीट लावून दाखवणारा हा गडी पैलवानही नाही आणि नटही नाही.' लिहिणारे गृहस्थ हायस्कूलात मराठी शिकवायचे आणि फावल्या वेळात नाटकांची परीक्षणं लिहायचे. सगळं शिरूर त्यांना सर म्हणायचं, मीही म्हणायचो. पुढं मनातल्या मनात मी त्यांना हव्या तेवढ्या शिव्या दिल्या, पण त्या शिव्यांतूनसुद्धा 'सर' काही सुटलं नाही.

मी वरवंडच्या बाजूचा. आजोबांपर्यंत आमच्या घरात मेंढरं होती. वडलांनी ती मोडून विहीर पाडली, शेतीत बूड टेकलं, पण खांद्यावरची घोंगडी त्यांनी सोडली नाही. उन्हाळा असो, लग्न असो, तालुक्याच्या कचेरीत जायचं असो, घोंगडी खांद्यावर. मी मात्र तालमीत वाढलो. जत्रांचे फड केले, दोन-चार ठिकाणी नाव झालं, आणि खुटबावकडच्या एका फडात समोरच्या गड्यानं पाय ओढला तेव्हा माझा गुडघा जागच्या जागी फिरला. कुस्ती तिथंच संपली. मग रांजणगावच्या एका कंपनीत लागलो, लग्न केलं आणि शिरूरला भाड्याच्या खोलीत राहायला आलो.

त्या वर्षांत घरोघरी केबल आली होती. परदेशी पैलवान टीव्हीवर एकमेकांना खुर्च्यांनी बडवायचे आणि शेंबडी पोरं रस्त्यावर तसंच करायची. शिरूरच्या एका मांडववाल्याच्या डोक्यात आलं की आपल्याकडं मांडव आहे, स्पीकर आहे, लाइट आहे, मग आपणही असला खेळ का लावू नये. त्यानं लोखंडी सांगाडा उभा केला, वर फळ्या टाकल्या, फळ्यांवर लग्नाच्या गाद्या आणि गाद्यांवर ताडपत्री. ट्रकच्या दोरखंडांना सायकलच्या जुन्या ट्यूबा गुंडाळून कठडा केला. फळ्यांच्या खाली त्यानं मुद्दाम पत्रे अडकवले होते, म्हणजे माणूस पडला की सगळं मैदान दणाणायचं.

मी त्यात गेलो कारण मला पुन्हा लोकांपुढं उतरायचं होतं. दुसरं काही कारण नव्हतं. खेळात कोण जिंकणार हे आधी ठरलेलं असे, तालमीत त्याला नुरा कुस्ती म्हणतात आणि शिवीसारखं म्हणतात. आमच्या वस्तादांना कळलं तेव्हा त्यांनी मला तालमीच्या दारातून परत पाठवलं. ते मी गिळलं. वस्तादांचा तो हक्क होता.

माझा जोडीदार बिहारकडचा, आमच्याच कंपनीत लोडिंगला होता. धिप्पाड, पण स्वभावानं गाय. तो केस रंगवून, काळा चष्मा लावून राक्षस व्हायचा. मी मेंढपाळ. ढोल वाजला की मी वडलांची घोंगडी खांद्यावर टाकून मैदानातून चालत यायचो. घोंगडी मी त्यांच्याकडून मागून आणली होती. कशासाठी, तेही सांगितलं होतं. ते म्हणाले, 'जपून वापर, जुनी हाय.' रिंगमध्ये चढलो की मी ती नीट घडी करून कोपऱ्यात ठेवायचो, तिला हात लावून कपाळाला लावायचो आणि मग राक्षसाला भिडायचो. बाया-माणसं उभी राहून टाळ्या वाजवायची. पाठीवर पडून पडून माझ्या खांद्याला गाठ आली होती, पण त्या टाळ्यांपुढं मला गाठीचं काही वाटायचं नाही.

शिरूरच्या बाजारतळावर आमचा खेळ रंगात आला असताना मांडववाल्यानं सरांना पास पाठवला. त्याला वाटलं, पेपरात दोन शब्द येतील. सर पहिल्या रांगेत बसले होते. गुरुवारी साप्ताहिक आलं. बायको बारावी झालेली, तिनं मला मोठ्यानं वाचून दाखवलं. सरांनी आमच्या खेळाचं नाटकासारखं परीक्षण केलं होतं. प्रकाशयोजना भडक, संहिता दुबळी, राक्षसाचे हावभाव बालिश. तिथपर्यंत आम्ही दोघं हसत होतो. मग ते घोंगडीचं वाक्य आलं आणि बायकोचा आवाज खाली गेला. त्याच्या पुढं आणखी होतं. ज्याला जत्रेत जिंकता आलं नाही त्यानं इथं विजयाची सोय करून घेतली आहे, असं काहीसं. बायकोनं ते अर्ध्यावर सोडलं आणि पेपर घडी करून ठेवला.

वरवंडला एका सलूनमध्ये कुणीतरी तो मजकूर वाचून दाखवला. वडील तिथं दाढीला बसले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी ते एसटीनं शिरूरला आले. बायकोनं पाणी दिलं, ते प्यायले, चहाला नको म्हणाले.

'घोंगडी कुठं हाय?'

'आबा, तो मास्तर काय बी लिहितो. त्याला कुस्तीतलं काय कळतंय?'

'लिवू दे. तू घोंगडी दे.'

मी काढून दिली. मला वाटलं खांद्यावर टाकतील. त्यांनी ती चार घड्या करून खताच्या रिकाम्या गोणीच्या पिशवीत घातली आणि पिशवी काखेत मारून स्टँडकडं निघाले. मी मागोमाग गेलो. गाडी येईपर्यंत आम्ही शेजारी उभे होतो. घोंगडी जवळ असून रिकाम्या खांद्यानं जाताना त्या माणसाला मी कधी पाहिलं नव्हतं. गाडी गेली आणि तिथं स्टँडवरच मी ठरवलं की सरांना हे भरून द्यायला लावायचं.

पहिला विचार हाताचाच आला. दोन दिवस सेकंड शिफ्टच्या आधी मी हायस्कूलच्या फाटकासमोरच्या टपरीवर उभा राहिलो. सर लुनावरून यायचे, पायाशी पिशवी, पिशवीत उत्तरपत्रिका. किडकिडीत माणूस. एका हातानं उचलून गटारात ठेवला असता. पण पोलीस केस झाली असती, नोकरी गेली असती. आणि बायको घरी जे म्हणाली ते मला त्याहून जास्त लागलं.

ती म्हणाली, 'त्यांना मारून काय करणार तुम्ही? तुमचं मारणं खोटं असतं, असं त्यांनी छापूनच टाकलंय.'

दुसऱ्या दिवशी मशिनवर उभा असताना मला सुचलं. मेंढपाळ गेलाच होता, घोंगडीच राहिली नव्हती. आता मी सर होणार होतो.

मांडववाला आधी नको म्हणाला. त्याची दोन्ही मुलं सरांच्या वर्गात होती. मी म्हटलं, नाव कुठं घ्यायचंय, नुसतं परीक्षक म्हणू. मग तो तयार झाला, कारण मेंढपाळाविना त्याचाही खेळ अडला होता.

त्याच सुमारास दौंडला रेल्वे वसाहतीजवळच्या एका हॉलमध्ये एकांकिकांची स्पर्धा होती आणि सर परीक्षक होते. मी सुट्टी टाकून गेलो, मागच्या रांगेत बसलो. नाटकाकडं मी पाहिलंच नाही, दिवसभर सरांकडं पाहत होतो. बसण्याआधी ते गुडघ्यापाशी विजार चिमटीत धरून वर ओढायचे. चष्मा काढून त्याची काडी दातात धरायचे. एखादा मुलगा वाक्य विसरला की डोळे मिटायचे, जणू त्यांचीच दाढ दुखतेय. आणि निकालाच्या आधी बोलायला उभे राहिले तेव्हा प्रत्येक दोषाच्या आधी म्हणायचे, 'तसं पाहिलं तर.'

एका कॉलेजच्या मुलीनं मेलेल्या मुलाच्या आईचं काम केलं होतं. घामानं भिजेस्तोवर केलं होतं. सर तिला सगळ्यांच्या देखत म्हणाले, 'तसं पाहिलं तर तुमचं रडणं मला पटलं नाही.' ती खाली बघत उभी राहिली आणि मग विंगेत जाऊन खरोखर रडली. मला मागच्या रांगेतून ऐकू येत होतं. सरांना पहिल्या रांगेत ऐकू येत होतं की नाही, कुणास ठाऊक. ते निकालाचा कागद वाचत होते. त्या दिवशी माझ्या मनात जी थोडीफार चलबिचल होती तीही गेली.

नवा खेळ आम्ही शिरूरलाच लावला. बायकोनं सरांसारखी उभ्या रेघांची विजार शिवली, चष्म्याला गळ्यात अडकवायची दोरी लावली. रिंगच्या कडेला टेबल, खुर्ची आणि शाळेची घंटा. राक्षस आणि एक नवा गडी झुंजायला लागले. राक्षसानं गड्याला खांद्यावर घेऊन आपटलं, पत्रे दणाणले, लोक ओरडले. मी घंटा वाजवली. विजार वर ओढत रिंगमध्ये चढलो, माइक घेतला.

'थांबा. तसं पाहिलं तर तुमचं पडणं मला पटलं नाही. पुन्हा पडा.'

गडी पुन्हा पडला. मी डोळे मिटले, दाढ दुखल्यासारखं तोंड केलं. 'अजून पटलं नाही.' तिसऱ्या वेळी लोकांमधून शिव्या यायला लागल्या. मग मी लोकांकडं वळलो आणि म्हटलं, 'तसं पाहिलं तर तुमच्या टाळ्यांतही तळमळ कमी आहे.' तेव्हा जो गोंगाट उठला तो मी जत्रेच्या फडातही ऐकला नव्हता. राक्षस आणि गडी एकमेकांकडं बघायला लागले. दोघांनी मला दोन्ही बाजूंनी धरलं, डोक्यावर उचललं आणि आपटलं. माणसं खुर्च्यांवर उभी राहिली. मी आडवा पडलो होतो, पाठ जळत होती आणि मी चष्म्याआडून हसत होतो.

महिन्याभरात 'तसं पाहिलं तर' शिरूरभर झालं. एसटीतला कंडक्टर सुट्टे नसलेल्याला म्हणायचा, तसं पाहिलं तर तुमचं तिकीट मला पटलं नाही. भाजीवाली माप घालताना म्हणायची. रांजणगावात आमचा सुपरवायझर म्हणायचा. आणि हायस्कूलात, जिथं मला ते पोचवायचं होतं तिथं, मागच्या बाकांवर रोज म्हटलं जायला लागलं. मांडववाल्याच्या मुलांनी घरी सांगितलं की सर फळ्याकडं तोंड करून शिकवतात, आणि ते शब्द तोंडात आले की मध्येच थांबतात. त्या बातम्या मी मांडववाल्याकडून पुन्हा पुन्हा मागून घ्यायचो.

दिवाळीच्या सुट्टीत वडील खेळ बघायला आले. रिकाम्याच खांद्यानं आले. मला आपटलं तेव्हा ते इतके हसले की शेजारच्यानं त्यांची पाठ चोळली. घरी आल्यावर म्हणाले, 'ते मास्तरचं अजून एकदा करून दाव.' मी खोलीत विजार ओढून, डोळे मिटून करून दाखवलं. त्यांनी डोळे पुसले. घोंगडी मात्र त्यांनी परत दिली नाही, आणि मीही मागितली नाही.

मग दौंडच्या खेळाला सर स्वतः आले. पास नव्हता, तिकीट काढून आले, मधल्या रांगेत एकटेच बसले. मला वरून दिसले. मी त्या दिवशी जास्तच जोरात केलं. ते हसले नाहीत, उठलेही नाहीत. शेवटपर्यंत बसले. गुरुवारी साप्ताहिकात कोपऱ्यात चार ओळी आल्या. बायकोनं वाचल्या.

'परीक्षकाचे काम करणाऱ्या नटाने या वेळी निरीक्षण केले आहे. द्वेष असल्याशिवाय इतके बारीक निरीक्षण होत नाही. एक दोष राहतो. आपटल्यावर तो फार लवकर उठतो. अशा माणसाला उठायला वेळ लागतो.'

बायको म्हणाली, 'बघा, चांगलं लिहिलंय तुमच्याबद्दल. नट म्हणालेत.'

माझ्या अंगाची आग झाली. मी त्यांना रोज मातीत घालत होतो आणि ते खुर्चीत बसून मला मार्क देत होते. मी काहीही केलं तरी तो माणूस परीक्षक आणि मी परीक्षेला बसलेला. त्याहून वाईट पुढं झालं. मांडववाल्यानंही ते वाचलं होतं. तो म्हणाला, उशिरा उठून तर बघ. पुढच्या खेळात मी उशिरा उठलो. आधी एक हात, मग चष्मा चाचपला, मग गुडघा. लोक श्वास धरून बसले आणि मग टाळ्या दुप्पट पडल्या. त्या टाळ्या माझ्या नव्हत्या. माझा सूडसुद्धा सरांनी दुरुस्त करून दिला होता. तेव्हा मला कळलं की सोंग काढून भागणार नाही, खुद्द त्यांनाच वर आणावं लागेल.

फार वाट बघावी लागली नाही. शिरूरच्या बाजारतळावर पुन्हा खेळ लागला तेव्हा ते दोन सहकारी मास्तरांबरोबर आले. लिहायलाच आले असणार. मी परीक्षकाच्या वेषात रिंगमध्ये चढलो, पण गड्यांना थांबवलं नाही. सरळ माइक घेतला आणि म्हणालो, 'आज आपल्यात खरे परीक्षक आलेले आहेत. त्यांनी वर यावं आणि आमचं काय चुकतंय ते सांगावं.'

सगळं मैदान मागं वळलं. सरांनी मान हलवून नको म्हटलं. लोकांनी टाळ्यांचा ठेका धरला. पहिल्या बाकांवर त्यांचेच विद्यार्थी होते, ते सगळ्यांत पुढं. शेवटी सर उठले. पायऱ्यांपाशी त्यांनी चपला काढल्या, आखाड्यात उतरताना काढतात तशा. माझ्या जोडीदारानं हात देऊन त्यांना वर घेतलं. आम्ही दोघं समोरासमोर उभे राहिलो. तीच विजार, तसाच चष्मा. मी त्यांच्या हातात माइक दिला.

त्यांनी घसा साफ केला. 'तसं...'

'पाहिलं तर,' सगळं मैदान एका आवाजात म्हणालं.

हसू शमेपर्यंत ते थांबले. मग दुसरीकडून सुरुवात केली. 'मित्रहो, मी इतकंच म्हणेन की तसं...' पुन्हा मैदानानं पुरं केलं. त्यांना ते शब्द टाळायचे होते हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण आयुष्यभर त्याच शब्दावर टेकून बोललेला माणूस, तो शब्द काढून घेतला तर बोलणार कशावर. तिसऱ्यांदा त्यांनी तोंड उघडलं तेव्हा आवाजच आला नाही. नुसते ओठ हलले. माइकची खरखर तेवढी स्पीकरमधून सगळ्यांना ऐकू येत होती.

मी त्यांच्या हातातून माइक काढून घेतला. विजार चिमटीत धरून वर ओढली, त्यांच्याच समोर खुर्चीवर बसलो, डोळे मिटले. लोक वेडे झाले.

सर उतरून गेले. अनवाणीच गेले. माझा जोडीदार खाली उतरला, चपला हातात घेऊन त्यांच्या मागं गर्दीतून पळाला आणि त्यांच्या पायाशी ठेवून आला. खेळ झाल्यावर त्यानं तोंडाचा रंग पुसला आणि मला म्हणाला, 'मास्टरजी के साथ ठीक नहीं हुआ. हमको कुश्ती में रखो भैया, इस में मत रखो.' मी म्हटलं, त्यांनी माझ्या बापाचं काय केलं ते तुला माहीत आहे ना. तो म्हणाला, माहीत आहे. पण त्यानं पुन्हा मला उचललं नाही. पुढच्या खेळांना मी दुसरा गडी घेतला. तो मला पाडायचा चांगला, पण खाली आल्यावर हात द्यायचा नाही.

मला त्या रात्री गाढ झोप लागली. बरेच महिने आतमध्ये जे धुमसत होतं ते विझलं होतं. अलीकडं कुणी हे ऐकलं की विचारतं, वाईट नाही वाटलं? त्यांना वाटतं मी हो म्हणेन. वडील पिशवी काखेत मारून गाडीत चढले ते विचारणाऱ्यानं पाहिलेलं नसतं. स्टेजवरच्या पोरीला रडवून कागद वाचणारा माणूसही पाहिलेला नसतो. सरांनी लिहिलेलं खोटं होतं असं मी म्हणत नाही. खरं लिहिणाऱ्यालाही फेड करावी लागते, एवढंच.

सरांचं सदर बंद झालं. पुढच्या वर्षीच्या एकांकिकांना परीक्षक दुसरे होते. साप्ताहिकानं आमच्या खेळासाठी एक तरुण वार्ताहर नेमला, तो मांडववाल्याकडून चार पास घ्यायचा आणि सगळंच छान लिहायचा. बायको वाचायला लागली की मी दुसरं काहीतरी काढायचो. मग गुडघ्यानं पुन्हा डोकं वर काढलं, लोकही त्या खेळाला विटले, आणि मांडववाल्यानं गाद्या परत लग्नांना लावल्या.

सरांनी भीमेकाठच्या वडगाव रासाईकडच्या एका शाळेत बदली मागून घेतली असं कानावर आलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत एका सकाळी मी दूध आणायला निघालो होतो, तर त्यांच्या घरासमोर टेम्पो उभा. कपाट, पलंग, पुस्तकांची खोकी, वर दोरीनं बांधलेली लुना. त्यांच्या पत्नी तुळशीची कुंडी मांडीवर घेऊन पुढं ड्रायव्हरशेजारी बसल्या होत्या. सर मागं सामानात जागा करत होते. त्यांनी मला पाहिलं. मदतीला बोलावतील असं क्षणभर वाटलं, शेजारची दोन माणसं बोलावल्याशिवायच हात लावत होती. सरांनी ओळखीची मान हलवली. मी हलवली नाही. किटली हातात घेऊन मी समोरच्या बाजूला थांबलो, आणि टेम्पो वळून भीमेच्या रस्त्याला लागेपर्यंत तिथून हललो नाही.